दांडा वजा

सावद्याच्या केळीच्या शेडमध्ये यंदा तीन दिवस पुस्तकं.
घड उतरायचे त्या ओट्यावर कादंबऱ्या,
पत्र्याखाली खोक्यांतून कवितासंग्रह,
खोक्यांवर तसंच छापलेलं: नाजूक माल, उलटा ठेवू नये.

पावत्या फाडायचं काम माझ्याकडे.
नगरपालिकेत एकतीस वर्षं पाणीपट्टीच्या फाडल्या,
हात बसलेला.
जुनी पुस्तकं किलोवर, असं समितीत ठरलं,
ऐंशी रुपये किलो,
म्हणून काट्यावर उखर्डू मापाडी.

पहिलंच गिऱ्हाईक तोललं आणि म्हणाला,
"चार किलो दोनशे. दांडा वजा, चार किलो."
दांडा कशाचा रे?
"घडाले असतो. याले नसंल का?"

झालं. दुपारपर्यंत शेडमध्ये तोच वाद.
हायस्कूलचे झांबरे सर म्हणाले, प्रस्तावना म्हणजे दांडाच.
कुणी म्हणालं, अर्पणपत्रिका.
कुणी म्हणालं, किंमत छापलेलं पान.
रुबीना तडवी, अकरावी सायन्स,
म्हणाली, शेवटचं प्रकरण. नेहमी.
पाहुणे कवी मोठ्यानं हसले,
तर कुणीतरी त्यांचाच संग्रह काट्यावर ठेवला.
एकशे साठ ग्रॅम.
उखर्डू म्हणाला, "राहू द्या,
याच्यात वजा करायले काही नाही."
त्यांनी ती स्तुती धरली.
मीही तशीच धरली.

मागे तुरीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होती,
धूर थेट चरित्रांच्या खोक्यांत शिरत होता.
थोर माणसं थोडी खोकली असतील.
विक्री बरी होती. स्वयंपाकाची पुस्तकं पहिल्या दिवशीच संपली,
स्पर्धा परीक्षेची दुसऱ्या.

तिसऱ्या दिवशी टेम्पोतून आली लोटू कंपाउंडरची पुस्तकं.
चाळीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधल्या त्यानं,
आणि दोन पेशंटच्या मधल्या वेळात वाचलं.
कधीकधी तिसरा पेशंट ताटकळायचा,
मी ताटकळलोय.
त्याची विजू नाशिकहून आलेली.
घर विकलं. उद्या चावी द्यायची.
पुस्तकं विकायची नव्हती तिला, द्यायची होती,
पण देणगीची पावतीही वजनावरच, समितीत ठरलेलं.

एकही पान दुमडलेलं नाही.
खुणेला पुडीचे कागद, निळ्या शाईत:
सकाळी १, रात्री १.
कोमट पाण्यातून.
हलवून घेणे.

उखर्डूनं एक पुस्तक उचललं, सवयीनं झटकलं,
तीन कागद खाली.
विजू वाकायच्या आत तो वाकला.
कोणता कोणत्या पानातला, आता कोण सांगणार?
हातात कागद धरून तो तिच्याकडे पाहत राहिला,
माप चुकलेला माणूस पाहतो तसा.
तिनं ते कुठल्याही तीन पानांत घातले
आणि पुस्तक परत काट्यावर ठेवलं.
यानंतर त्यानं एकही झटकलं नाही.
दोन्ही हातांनी ठेवत गेला,
जून घड ठेवतात तसं,
डाग पडू न देता.

एकशे सत्त्याऐंशी किलो.
मी पेन टेकवून थांबलो.
"दांडा?"
उखर्डूनं आकडा पुन्हा पाहिला,
टोपी सारखी केली.
"पुरं लिव्हा."

पुरं लिहिलं.
विजूनं पावतीची घडी घातली, चार पदरी, कडा नखानं दाबून,
अगदी पुडीसारखी,
आणि एसटीला उशीर होतोय म्हणून गेली.

शेड झाडून घ्यायच्या आधी मी त्यातलं एक घेतलं.
नऊशे ग्रॅम. बहात्तर रुपये टाकले,
स्वतःची पावती स्वतः फाडली.
घरी ताट वाढलेलं होतं. म्हटलं, दोन मिनिटं,
पुस्तक उघडलं तर पान एकशे बाराला कागद:
जेवणानंतर.

बरं, म्हटलं,
आणि पाटावर बसलो.